प्रश्न तुमचे: ईशज्ञानाच्या वर्गात शिरताना

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की, मी कॅथलिक विद्यापीठात ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी शिकले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देत आहे. माझी ओळख थोडक्यात सांगते. मी शाळेत गणित शिकवत होते. चौतिसाव्या वर्षी, दोन लहान मुलं घरात असताना, पुन्हा विद्यार्थिनी झाले. वर्गात बहुतेक जण पुढे फादर होणारे होते आणि माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होते. पुढे मी त्याच विषयाच्या पहिल्या वर्षाला अठरा वर्षं शिकवलं. खाली जे लिहिते आहे ते त्या बाकांवर आणि त्या फळ्यासमोर उमगलेलं आहे.

ताई, मी बावीस वर्षांची आहे. वाणिज्य शाखेची पदवी झाली. मला ईशज्ञान शिकायचंय. आई म्हणते, "ते फादर-सिस्टर होणाऱ्यांसाठी असतं. तुला मठात जायचंय का?" मला मठात जायचं नाही. मग मी शिकू शकते का? किती वर्षं लागतात? आणि पुढे काय?

तुला 'तू' म्हणते, रागावू नकोस. तुझं पत्र वाचताना माझी धाकटीच समोर बसल्यासारखं वाटलं.

आई चुकीचं बोलत नाही, जुनं बोलते. शंभर वर्षांपूर्वी तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. या विषयाची उच्च पदवी बाईला मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. 1943 साली अमेरिकेत इंडियानामधल्या सेंट मेरीज कॉलेजने स्त्रियांसाठी ईशज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं, ते सिस्टर मॅडलेवा वुल्फ यांच्या पुढाकारामुळे. इतर ठिकाणी दारं बंद होती म्हणून त्यांनी स्वतःच एक दार बांधलं. मग जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, 1962 ते 1965. प्रापंचिकांनीही हे शास्त्र नीट शिकावं, त्यातल्या काहींनी त्यात खोलवर जावं, अशी इच्छा परिषदेने लेखी नोंदवली. 1970 मध्ये आविलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरिन या दोन संत स्त्रियांना 'चर्चच्या आचार्य' हा मान मिळाला. तोवर ही उपाधी एकाही स्त्रीला मिळालेली नव्हती. आईला हे सगळं सांग, पण वादासाठी नको. तिच्या काळजीचं उत्तर म्हणून सांग.

आता वर्षं. रोमच्या मान्यतेने पदवी देणाऱ्या विद्याशाखांमध्ये तीन टप्पे असतात. पहिला टप्पा पाच वर्षांचा. त्यात तत्त्वज्ञानही येतं. तत्त्वज्ञानाचा दोन वर्षांचा अभ्यास आधी झाला असेल, तर तीन वर्षं पुरतात. त्यानंतर दोन वर्षांचं लायसेन्शिएट. त्यात एका शाखेत खोल जायचं असतं. सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेत, शिकवायचं तर साधारण एवढं लागतंच. शेवटी डॉक्टरेट. तुझा विषय वाणिज्य, तेव्हा तू पूर्ण पाच वर्षं धरून चाल.

तत्त्वज्ञानाचा भाग मुलांना नकोसा होतो. 'आम्ही देवाबद्दल शिकायला आलो आणि इथे अ‍ॅरिस्टॉटल कशाला?' असं दर वर्षी कुणी तरी विचारायचंच. मी फळ्यावर लिहायची: 'देव आहे.' मग विचारायची, यातल्या 'आहे'चा अर्थ काय? खुर्ची आहे, तसा आहे? आकडा सात आहे, तसा आहे? पाच मिनिटांत वर्ग गप्प व्हायचा. तर्कशास्त्र, ज्ञानमीमांसा, सत्तामीमांसा ही सगळी त्या एका 'आहे'ची तयारी असते. ती टाळून जो पुढे गेला तो तिसऱ्या वर्षी त्रैक्याच्या तासाला हमखास अडखळतो. एक देव, तीन व्यक्ती. इथे 'व्यक्ती' म्हणजे तू-मी नव्हे, हे समजायला आधी शब्द घासून घ्यावे लागतात.

एक गोष्ट प्रवेशाआधी विचारून घेच: मिळणारी पदवी कुणाची? काही कॅथलिक विद्यापीठांत चर्चची पदवी मिळते, काहींत सरकारमान्य, काहींत दोन्ही. कॅथलिक विद्यापीठ आहे म्हणून तिथली प्रत्येक पदवी चर्चच्या कामासाठी चालेलच असं नाही. चर्चची पदवी आहे म्हणून ती बाहेरच्या नोकरीत मोजली जाईलच, असंही नाही. माझ्या बॅचच्या एका मुलीला हे पाच वर्षांनंतर कळलं. कार्यालयात कुणी तिला स्पष्ट सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. तू विचार, लेखी विचार.

आणि पुढे काय? हा विषय नोकरीची शिडी देत नाही. शाळेत धर्मशिक्षण, रुग्णालयांत आजाऱ्यांची सोबत, चर्चच्या संस्थांचं काम, संपादन, भाषांतर, अध्यापन या वाटा आहेत, पण अरुंद आहेत. माझं घर पाच वर्षं नवऱ्याच्या पगारावर चाललं. हे मी लपवणार नाही. तुझ्या हातात वाणिज्याची पदवी आहे. ती फेकून देऊ नकोस.

मी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आहे. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासांपासून माझं सगळं ढासळलंय. पंचग्रंथ, म्हणजे बायबलचे पहिले पाच ग्रंथ, मोशेने लिहिले नाहीत, त्यातल्या पहिल्या, उत्पत्तीत, निर्मितीच्या दोन वेगळ्या कथा आहेत, नोहाच्या पुरातही दोन कथा विणलेल्या आहेत. आमचे एक प्राध्यापक हसून म्हणतात, "अजून तुम्ही तिथेच अडकलात?" मला आता प्रार्थना करता येत नाही. मी हा अभ्यास सोडावा का?

तुमचं पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं. घाईने उत्तर द्यावं असं ते नव्हतं.

आधी त्या हसण्याबद्दल. मलाही असे एक शिक्षक होते. विद्वान होते, पण समोरच्याची श्रद्धा म्हणजे बालपणीचा आजार असल्यासारखं बोलत. त्यांच्या तासानंतर मी जिन्यात बसून रडले आहे. वीस वर्षांनंतरही माझं मत तेच आहे: ते वाईट शिकवणं होतं. जुनी भिंत काढताना छताला टेकू द्यावा लागतो. तुम्हाला तो कुणी दिला नाही, यात तुमचा काही दोष नाही.

आता तुमच्या वहीतल्या गोष्टी. त्या खऱ्या आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात झाडं, मग प्राणी, मग शेवटी नर-नारी. दुसऱ्या अध्यायात आधी माणूस, मग बाग, मग प्राणी, मग स्त्री. पुराच्या कथेत एकदा प्रत्येक जातीची एक जोडी घ्यायला सांगितली आहे आणि पुढच्याच अध्यायात शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. पंचग्रंथांतल्या पाचव्या, 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात मोशेच्या मृत्यूचं वर्णन आहे. हे कुणी नास्तिकाने शोधून काढलेलं नाही. ते पानावरच आहे, आणि ज्यांनी हे ग्रंथ जुळवले त्यांनाही ते दिसत होतं. त्यांना हवं असतं तर एक कथा गाळून टाकता आली असती. त्यांनी दोन्ही ठेवल्या. का ठेवल्या, या प्रश्नाने माझी घालमेल पहिल्यांदा थांबली. पहिल्या कथेतला देव बोलतो आणि घडतं. दुसऱ्या कथेतला देव माती मळतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो. एवढा मोठा आणि एवढा जवळचा. एकाच कथेत हे मावलं नसतं.

आणि हे आजचं नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने विचारलं होतं की, सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर त्याआधीच्या तीन दिवसांच्या संध्याकाळ-सकाळी शब्दशः खऱ्या, असं कोणता शहाणा माणूस मानेल? ऑगस्टीननेही बजावलं होतं की, पवित्र शास्त्राचा दाखला देऊन निसर्गाबद्दल भलतंसलतं बोलू नका. ऐकणारे हसतील आणि मग पुनरुत्थानाबद्दल तरी आपल्यावर विश्वास का ठेवतील? हे दोघेही चर्चच्या आतले, प्रार्थना करणारे लोक होते.

चर्चची वाट मात्र सरळ नव्हती, हेही सांगायला हवं. 1906 मध्ये रोमच्या बायबल आयोगाने, पंचग्रंथ मुळात मोशेचेच, या मताची पाठराखण केली होती. 1943 मध्ये पोप बारावे पायस यांनी विद्वानांना सांगितलं की, त्या काळचे लेखनप्रकार ओळखा, लेखकाला काय म्हणायचं होतं ते शोधा. 1965 मध्ये परिषदेने हेच आणखी ठामपणे मांडलं आणि पवित्र शास्त्राचा अभ्यास हा ईशज्ञानाचा आत्मा असावा असं म्हटलं. साठेक वर्षांत एवढं अंतर. संस्थेला इतका वेळ लागला, तर तुम्हाला दोन सेमिस्टर कशी पुरतील?

आता माझी गोष्ट. माझीही प्रार्थना थांबली होती, जवळपास सात महिने. गणितात मी पुराव्यावर जगत आले होते, त्यामुळे मला वाटलं की, आता सगळं संपलं. मी आमच्या एका वयस्कर फादरांकडे गेले. ते थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ईशज्ञान्याचे ग्रंथ शिकवायचे. त्यांनी मला धीर दिला नाही, गृहपाठ दिला. म्हणाले, "देव नाही, हे सिद्ध करणारी दोन पानं लिहून आणा. मन लावून लिहा. मी लगेच खोडू शकलो, तर पुन्हा लिहायला लावीन." मी तीनदा लिहिली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आता हे थॉमसशी ताडून बघा." थॉमसचा तेराव्या शतकातला जाडजूड ग्रंथ उघडला. 'देव आहे का?' या प्रश्नाखाली पहिलंच वाक्य असं की, देव नसावा असं वाटतं. कारण एक: जगात दुष्टपणा आहे. देव अमर्याद चांगला असता तर तो उरलाच नसता. कारण दोन: जे दिसतं ते निसर्गाने आणि माणसाच्या इच्छेने समजावता येतं, मग देव हवा कशाला? माझी दोन पानं त्याने चार ओळींत, माझ्यापेक्षा धारदार लिहिली होती. आणि हे सगळं स्वतःचं उत्तर देण्याआधी! त्या ग्रंथाची घडणच तशी आहे. शेकडो प्रश्न, आणि प्रत्येक ठिकाणी आधी विरोधकाचं म्हणणं, तेही कमकुवत करून नव्हे.

त्या दिवशी मला कळलं की मी काय शिकायला आले आहे. शंका ही माझ्या श्रद्धेतली चीर आहे असं मी समजत होते. इथे तर शंकेला पहिली खुर्ची दिलेली होती. पुढे अठरा वर्षं मी प्रत्येक वर्गाला हाच गृहपाठ दिला.

सोडावा का, असं विचारता. आत्ता सोडू नका; अर्ध्यावर सोडलं तर हातात फक्त पडलेली भिंत राहते. पण एक सेमिस्टर थांबायचं असेल, तर थांबा. त्याची लाज बाळगू नका. माझ्या ओळखीतल्या काहींनी हा अभ्यास पूर्ण केला आणि श्रद्धाही सोडली. त्यातला एक आजही माझा जवळचा मित्र आहे. हा अभ्यास श्रद्धा टिकवण्याची हमी देत नाही आणि ती काढूनही घेत नाही. आपण जे मानतो ते आपल्याला किती कळलंय, एवढंच तो दाखवतो.

प्रार्थनेचं म्हणाल, तर 88वं स्तोत्र वाचा. दीडशे स्तोत्रांत त्याच्याइतकं काळोखं दुसरं नाही. शेवटी दिलासा येतो म्हणून वाट बघावी, तर येतच नाही. अंधार या शब्दावरच ते संपतं. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. मग बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट वाचा. दुःखात बुडालेल्या ईयोबासमोर देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांना देव म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, तुम्ही तसं बोलला नाहीत. आणि ईयोबाने तर प्रश्नांवाचून दुसरं काय केलं होतं? मला लिहीत राहा. सदरात नको असेल तर छापणार नाही.

मी ख्रिस्ती नाही. देव मानतो की नाही, तेही धड सांगता येणार नाही. पण मला हे शास्त्र शिकण्याची ओढ आहे. मला घेतील का? बाप्तिस्मा घ्या म्हणून मागे लागतील का?

घेतील. चर्चच्या विद्याशाखांचे नियमही चांगल्या वर्तनाचा दाखला आणि आधीचं योग्य शिक्षण पाहतात. फादर होण्यासाठी आलेल्यांची गोष्ट वेगळी. कॅथलिक विद्यापीठांसाठी 1990 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी जे नियम दिले त्यात प्रत्येकाच्या विवेकाचं स्वातंत्र्य पूर्णपणे जपावं, असं स्पष्ट आहे. बाप्तिस्म्यासाठी कुणी दबाव आणत असेल, तर ते चर्चच्याच शिकवणुकीविरुद्ध वागत आहेत.

पण एक फरक समजून या. धर्मांचा अभ्यास ही वेगळी विद्या आहे. तिथे तुम्ही बाहेर उभे राहून बघता. ईशज्ञान आतून विचार करतं. अकराव्या शतकात अँसेल्म या ख्रिस्ती विचारवंताने त्याला 'समज शोधणारी श्रद्धा' म्हटलं. तुम्हाला श्रद्धा ठेवायला कुणी सांगणार नाही, पण ती धरून विचार कसा पुढे सरकतो, हे तुम्हाला त्या पायवाटेवरून चालून दाखवावं लागेल. परीक्षेत 'मला पटत नाही' याला गुण नसतात. 'हे असं मानलं तर पुढे असं येतं आणि इथे ते अडतं' याला असतात.

आमच्या वर्गात श्रद्धा नसलेली एक मुलगी होती. 451 सालच्या काल्सेदोन परिषदेचं सूत्र शिकवलं जात होतं. ख्रिस्ताचे ईश्वरी आणि मानवी असे दोन स्वभाव एकाच व्यक्तीत आहेत, मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. आम्ही सगळे निमूट उतरवून घेत होतो. ती म्हणाली, "सर, हे चारही 'न'च आहेत. हे कुंपण झालं. आत काय आहे?" सरांनी खडू खाली ठेवला आणि राहिलेली सगळी टर्म त्या प्रश्नावरून शिकवली. आम्ही लहानपणापासून कुंपणाच्या आत राहत होतो, म्हणून ते आम्हाला दिसलंच नव्हतं. तुम्ही जरूर या. वर्गाला तुमची गरज असते.

कॅथलिक विद्यापीठात विचारस्वातंत्र्य खरंच असतं की आधीच ठरलेल्या उत्तरापर्यंत पोचायचं असतं?

दोन्ही बाजू सांगते. कॅथलिक ईशज्ञान शिकवणाऱ्याला चर्चच्या अधिकाऱ्यांची अनुज्ञा लागते. 1983 च्या धर्मकायद्यात ते कलम आहे, आणि शिकवणं चर्चच्या शिकवणुकीशी प्रामाणिक असावं अशी अपेक्षा आहे. 1979 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या हान्स क्यूंग यांची कॅथलिक ईशज्ञानाचे प्राध्यापक म्हणून असलेली मान्यता काढून घेतली गेली. त्याच विद्यापीठात ते पुढे शिकवत राहिले, पण त्या मान्यतेविना. दुसरीकडे ईव्ह काँगार या फ्रेंच ईशज्ञान्यांना 1954 मध्ये शिकवण्यापासून दूर करून परगावी पाठवलं गेलं. काही वर्षांतच पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या तयारीसाठी बोलावून घेतलं. परिषदेच्या दस्तऐवजांवर त्यांच्या विचारांची दाट छाप आहे, आणि 1994 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांना कार्डिनल केलं गेलं.

काँगारांची गोष्ट शेवट गोड म्हणून सांगणं मला आवडत नाही. त्या मधल्या वर्षांचं दुःख त्या माणसाने खरोखर भोगलं. माझं मत असं: विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याचं स्वातंत्र्य मी भरपूर अनुभवलं. शिकवणाऱ्याला मर्यादा आहे, आणि ती कुठे पडते यावर प्रामाणिक माणसांत आजही मतभेद आहेत. ही मर्यादा मला एकाच अर्थी पटते. ईशज्ञान कुणा एकाच्या डोक्यातून निघत नाही, ते एका समुदायाच्या श्रद्धेवर उभं असतं. पण त्या समुदायाने घाई करू नये, असंही मला तितकंच कळकळीने वाटतं. प्रवेश घेण्याआधी तिथल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला विचारा: वर्गात शेवटचा खरा वाद कधी झाला होता?

ग्रीक, हिब्रू, लॅटिन यावंच लागतं का? माझी भाषांची पाटी कोरी आहे.

पहिल्या दिवशी नाही. पण लॅटिन आणि पवित्र शास्त्राच्या भाषा पुढे लागतातच, आणि जेवढ्या लवकर धराल तेवढं बरं. मी छत्तिसाव्या वर्षी ग्रीक अक्षरं गिरवली, स्वयंपाकघराच्या भिंतीवर क्रियापदांचे तक्ते लावून.

मार्कच्या शुभवर्तमानात येशू लोकसमुदायाला बघतो आणि त्याला 'कळवळा' येतो. तिथला ग्रीक शब्द 'स्प्लांखना' म्हणजे आतडी, यावरून बनला आहे. भाषांतरात हा शब्द कित्येकदा नुसती 'दया' होऊन बसतो. आपल्याकडे मात्र आतडं तुटतं, पोटात कालवतं. त्या रात्री मी तो उतारा पुन्हा मराठीत वाचला, पेन्सिलीने समासात 'आतडं तुटलं' असं लिहिलं, आणि बराच वेळ पान उलटलं नाही. हिब्रूत करुणेचा शब्द गर्भाशयाच्या शब्दाशी नातं सांगतो. तेही पुढे भेटेल.

फक्त ग्रीक आणि हिब्रू एकाच सेमिस्टरला घेऊ नका. आधी ग्रीक घ्या. रोज वीस मिनिटं, आणि मोठ्याने वाचा.